बैल त्यांचा, चाक तुझं

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखक नागपूरचा, वय सव्वीस, मिहानमध्ये नोकरी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो आणि त्याची धाकटी बहीण एकाच लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम खेळायचे. त्यात त्यांनी एका परदेशी हौशी माणसाचा मॉड, म्हणजे चाहत्यानं गेमला जोडलेली भर, घातला होता. गावाच्या कडेला एक जुनी विहीर, आणि तिच्या काठावर बसून रोज नवी गोष्ट सांगणारी म्हातारी. मार्च २०२४ मध्ये गेमची १.६ ही मोठी आवृत्ती आली आणि मॉड बंद पडला. करणाऱ्यानं २०२१ नंतर त्याला हात लावलेला नाही. पत्रलेखकानं दोन मेल पाठवले, उत्तर नाही. मग नऊ रात्री जागून त्यानं तो स्वतःच दुरुस्त केला. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीला दिला आणि चार मित्रांना ड्राइव्हची लिंक पाठवली. ती लिंक फिरत फिरत कुठल्या कुठे पोचली. आता अनोळखी लोक आभार मानतात, आणि एकानं सरळ 'चोर' म्हटलं. मित्राचं म्हणणं, "अबे, फुकटच्या गोष्टीची कायची चोरी?" मूळ पानावर मात्र लिहिलंय की परवानगीशिवाय हा मॉड दुसरीकडे चढवू नये. प्रश्न दोन : दुरुस्त मॉड सगळ्यांसाठी उघडपणे चढवावा का? आणि खाली यूपीआयचा क्यूआर लावला तर चालेल का? (ओळख पटू नये म्हणून मॉडचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत.)

प्रिय विहिरीवरच्या,

तू सही केली नाहीस, म्हणून नाव मीच ठेवलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा सल्ला देणारी म्हणून, आणि एकदा पंधरा वर्षं कोड लिहून पोट भरलेली बाई म्हणून. दुसऱ्यांदा जास्त मजा आली. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते : आधी याच्या पोटात बहुतेक वस्तूंना नुसता आकडा असायचा. पार्सनिप हे कंदमूळ म्हणजे २४, भोपळा म्हणजे २७६. १.६ मध्ये त्या आकड्याची मजकुरी ओळखपट्टी झाली. दिसायला २४ चं २४च, पण कॉम्प्युटरला अंक वेगळा आणि अंकासारखं दिसणारं अक्षर वेगळं. म्हातारीच्या हातात पार्सनिप ठेवलं की ती पूर्वी गोष्ट सांगायची. आता मॉडच सुरू होईना. अशा एकतीस जागा तू एकेक करून शोधल्यास. ही हमाली कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तेव्हा आधी शाबासकी घे, मग बाकीचं.

बाकीचं सुरू होतं तुझ्या एका शब्दापासून. पत्रात सहा वेळा (मी मोजले) तू 'सोडून दिलेला मॉड' म्हणालास. कुणी सोडला? तसं त्यानं कुठं लिहिलंय?

नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडाचा एक लाकडी बैल होता, गुडघ्याच्या वर येईल एवढा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, निघायचा. त्या घरच्या काकांची बदली भिलाईला झाली, बिऱ्हाड हललं आणि बैल जिन्याखाली राहिला. दोन पोळे तो तिथंच, एक चाक निखळलेलं, पाठीवर धुळीचा थर. तिसऱ्या वर्षी माझ्या मोठ्या भावानं तो बाहेर काढला. सुताराकडून सागवानी चाक करून आणलं, नवा आख घातला, आणि मग उत्साहाच्या भरात अख्ख्या बैलाला तांबडा ऑइलपेंट फासला. शिंगं सोनेरी. त्या वर्षी गल्लीत सगळ्यात जास्त बोजारा (घरोघरी बैलामागं मिळणारी ओवाळणी) आमच्या बैलाला मिळाला. 'आमच्या' म्हणायला लागलोच होतो तोवर.

पुढच्या उन्हाळ्यात काका एका लग्नाला आले. जिन्याखाली वाकले, बैलाच्या पोटाखालून हात फिरवायला लागले. काहीतरी शोधत होते. त्यांच्या वडिलांनी पटाशीनं तिथं नातवंडांची नावं कोरली होती, ती रंगात बुजली होती. काका रागावले नाहीत. "चाक छान बसवलंस रे," एवढंच म्हणाले. रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. भाऊ रात्री रॉकेल आणि पॉलिशपेपर घेऊन बसला होता, तो आवाज मला अजून आठवतो. आम्ही दोन वर्षं म्हणत होतो, बैल टाकून गेले. काकांच्या लेखी ते ठेवून गेले होते.

तुझा मॉडवाला टाकून गेलाय की ठेवून, हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही. नोकरी बदलली असेल, घरात बाळ आलं असेल, तब्येत बिघडली असेल. 'कधी अपडेट करताय' या एकाच प्रश्नाला कंटाळून त्यानं ती मेलपेटीच उघडणं सोडलं असेल. ('कृपया' सुद्धा न लिहिता विचारणारे किती असतात ते मी माझ्या नोकरीत पाहिलंय.) गप्प बसण्याचे दहा अर्थ निघतात. 'घे, तुझंच आहे' हा त्यांतला फक्त एक.

आता तुझे ते दोन मेल. प्रती जोडल्यास हे बरं केलंस. पहिल्यात लिहिलंयस, १.६ साठी अपडेट कधी येणार. दुसऱ्यात नुसतं 'काही अपडेट?' आणि दोन प्रश्नचिन्हं. बाळा, यात तू परवानगी कुठं मागितलीस? तू काम सांगितलंस. 'विचारलं, उत्तर आलं नाही' असं सगळ्यांना सांगत फिरतोयस, पण विचारलेलंच नाहीस.

तर आधी विचार. मेल इंग्रजीत लिही, मजकूर साधारण असा ठेव : 'तुमची विहीर मी आणि माझ्या बहिणीनं लॉकडाउनमध्ये रोज पाहिली. १.६ मध्ये ती बंद पडली होती, मी एकतीस ठिकाणी दुरुस्ती केली आहे, यादी आणि फाइल सोबत जोडतो. तुम्हाला हवी असेल तर तुमच्याच पानावर लावा, माझं नाव नसलं तरी चालेल. ते जमणार नसेल तर मी वेगळी चढवू का? नको असेल तर नको, एवढंच लिहा.' एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न दमलेल्या माणसालाही सोपा जातो. मेल कर, साइटवरच्या निरोपपेटीतही टाक, आणि त्याचे दुसरे मॉड असतील तर त्यांची पानं बघ. पुष्कळ लोक एखाद्या मॉडच्या वर्णनातच लिहून ठेवतात की मी इतके महिने गायब दिसलो तर खुशाल पुढं न्या. झिपमधली रीडमी फाइल आपण कुणीच वाचत नाही, ती वाच. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, असेल तर परवान्याची फाइल शोध. एमआयटी किंवा जीपीएलसारखा मुक्त परवाना सापडला तर हे सगळं पत्र इथंच संपलं : मूळ परवाना आणि नाव जसंच्या तसं ठेवायचं, त्याच्या अटी पाळायच्या, बिनधास्त चढवायचं. पण कोड नुसता उघड्यावर दिसतोय आणि परवाना काहीच नाही, तर 'बघा' एवढीच ती परवानगी. 'वाटा' नव्हे.

आणि म्हातारीचं चित्र त्यानंच काढलंय का, तेही तपास. मॉडमध्ये कोड एकाचा, चित्रं दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा असं सर्रास असतं. एकानं हो म्हटलं म्हणजे तिघांनी म्हटलं असं होत नाही.

तुझ्या मित्राच्या 'फुकटच्या गोष्टीची कायची चोरी' वर मी हसले, पण मे महिन्यात सीताबर्डीवरून चालत गेलेल्या माणसानं हे म्हणू नये. पाणपोईचं पाणी फुकट असतं, रांजण नाही. त्यातून या गेमच्या चाहत्यांना तरी एकट्या माणसाच्या कामाची किंमत सांगावी लागू नये : २०१६ साली आलेला हा गेमच मुळात एरिक बॅरोन यांनी चारेक वर्षं खपून एकट्यानं केला, कोड, चित्रं, संगीत, सगळं.

'चोर' म्हणणाऱ्यानं वाईट शब्द वापरला, पण त्याचा राग हवेतून आलेला नाही. मॉड करणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत, मिळतं ते नाव आणि आपल्या वस्तूवरचा थोडा ताबा. या दोन्हींवरून त्यांच्यात मोठी भांडणं झालेली आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये 'स्कायरिम' या गेमचे मॉड स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानात विकायची सोय वाल्व्ह कंपनीनं केली. पहिल्याच खेपेतला एक मॉड दुसऱ्याच्या कामावर उभा असल्याचं निघालं, तो काढावा लागला, आणि आठवड्याच्या आत अख्खी योजनाच गुंडाळली गेली. २०२१ च्या जुलैत नेक्सस मॉड्स या मॉडच्या मोठ्या साइटनं जाहीर केलं की चढवलेली फाइल यापुढं करणाऱ्यालाही कायमची पुसता येणार नाही, ती कोठारात राहील. तेव्हा काही जण मुदत संपायच्या आत आपले सगळे मॉड घेऊन निघून गेले. फुकट वाटलेल्या वस्तूंसाठी.

कायद्याचं थोडक्यात सांगते, मी वकील नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्कासाठी नोंदणी लागत नाही, काम झालं की हक्क लागला. कॉम्प्युटर प्रोग्राम त्यात साहित्यकृतीतच मोडतो. मुदत करणाऱ्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं. परदेशी माणसाच्या कामालाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे इथं संरक्षण आहे. म्हणजे २०२१ पासूनचं मौन ही कायद्याच्या हिशोबात एक डुलकी झाली. दुसरीकडे, रीतसर मिळालेला प्रोग्राम ज्या कामासाठी घेतला ते काम त्यानं करावं म्हणून आपल्यापुरता बदलणं, याला कलम ५२ मध्ये जागा आहे. तेव्हा स्वतःच्या लॅपटॉपवर केलेल्या दुरुस्तीचं मनाला लावून घेऊ नकोस. अडचण वाटण्यापासून सुरू होते.

आता समज दोन महिने गेले आणि उत्तर आलंच नाही. मूळ पानावर 'चढवू नये' असं स्पष्ट लिहिलेलं असताना पूर्ण मॉड चढवायला मी हो म्हणणार नाही. पण तुझ्यापुढं दोनच वाटा आहेत असं तू धरून चाललायस, सगळं द्या नाहीतर काहीच देऊ नका. मधली वाट आहे. बैल देऊ नकोस, चाक दे. तुझं स्वतःचं त्यात काय आहे? त्या एकतीस दुरुस्त्या. तेवढ्याच वाट.

कशा, ते मॉड कसा बिघडलाय त्यावर ठरेल. मूळ मॉड चालू होतो पण मधेच अडखळतो, असं असेल तर तू एक छोटा वेगळा मॉड लिही. त्याच्या मॅनिफेस्टमध्ये (मॉडची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) मूळ मॉड 'आधी हवाच' म्हणून नोंदव, आणि चुकणाऱ्या जागा हार्मनी हे कोड बदलायचं साधन वापरून मॉड चालू असतानाच बदल. पण स्मॅपी, म्हणजे या गेममध्ये मॉड चालवणारा प्रोग्राम, मूळ मॉडला दारातच अडवत असेल, आणि तुझ्या वर्णनावरून मला तसंच वाटतंय, तर या युक्तीचा उपयोग नाही. मूळ मॉड आतच आला नाही तर दुरुस्ती कशाला चिकटणार? मग फरकाची फाइल कर. जुन्या कन्सोलवरच्या जपानी गेम्सचे चाहते-अनुवाद करणारे कित्येक वर्षं हेच करतात : गेम वाटत नाहीत, मूळ आणि बदललेल्या फाइलमधला फरक तेवढा वाटतात. ज्याला हवं त्यानं मूळ मॉड मूळ पानावरून घ्यायचा, त्यावर तुझी फाइल चालवायची. दोन पायऱ्या वाढतात, काही लोक कुरकुरतील, कुरकुरू देत. मूळ पानावरचा डाउनलोडचा आकडा मात्र हलत राहतो. उद्या तो माणूस तिथं डोकावला तर त्याला दिसेल की विहिरीवर अजून वर्दळ आहे. फरकाची फाइल कायद्यानं शंभर टक्के सुटलेली आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिच्यात त्याचं काम तू परस्पर वाटलेलं नसतं, आणि तुझा हात मागं घ्यायची वेळ आली तर तो घेता येतो.

दुरुस्तीच कर, सुधारणा नको. म्हातारीला नऊवारी नेसवायचा आणि तिच्या गोष्टी मराठीत आणायचा तुझा बेत मला मनापासून आवडला, म्हणूनच सांगते, तो वेगळा ठेव, त्याच्यासाठी वेगळं विचार. आमचा तांबडा रंग आठव.

या सगळ्यात एक गोष्ट मला सलते, ती लपवत नाही. मूळ पानच उद्या नाहीसं झालं तर तुझ्याकडचं चाक बैलाविना उरेल. मॉड असेही मरतात, आणि 'थांबा, विचारा' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांमुळे काही जरा लवकर मरत असतील. नेक्ससवरच्या फाइलला कोठाराचा आधार आहे, कुणाच्या खाजगी पानावरचीला नाही. तुझा मॉड तसल्या पानावर असेल तर मूळ झिप जशीच्या तशी, तारखेसकट, दोन ठिकाणी जपून ठेव. जपणं आणि वाटणं यांत फरक आहे. यापलीकडं माझ्याकडं चोख उत्तर नाही.

ड्राइव्हची लिंक मात्र आज बंद कर. हक्काचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. कोणी केलं, आत काय आहे, हे न सांगणारी झिप ग्रुपाग्रुपांतून फिरते आहे, आणि लोक ती डोळे झाकून चालवतायत. जून २०२३ मध्ये 'माइनक्राफ्ट'च्या मॉडमधून 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस पसरला होता, तोही कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवरच्या खात्यांमधून. तुझ्या झिपमध्ये तसलं काही कुणी मधेच घुसडलं तर बोट तुझ्याकडे. नवीन फाइल देशील तेव्हा तुझ्या बदलांचा कोड उघडा ठेव, म्हणजे शंका असेल त्याला वाचता येईल. लिंकवर येणाऱ्यांसाठी दोन ओळी ठेव : इथली प्रत मी काढली आहे, मूळ मॉड अमुक ठिकाणी, दुरुस्ती लवकरच तमुक ठिकाणी. 'चोर' म्हणणाऱ्यालाही तेवढंच कळव, वाद घालू नकोस.

स्टारड्यूच्या मंडळींत अशा दुरुस्तीची एक रीत रुळलेली आहे, ती पाळ. आवृत्ती क्रमांकाच्या शेपटीला 'अनऑफिशियल' आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव लावतात. मूळ १.४.० असेल तर तुझी १.४.१-अनऑफिशियल, पुढं तुझं नाव. उद्या मूळ माणसानं खरी १.४.१ काढली की स्मॅपी तीच नवी धरतं आणि तुझी आपोआप मागं पडते. मला ही रीत फार आवडते; मालकाची खुर्ची रिकामी ठेवून शेजारी बसल्यासारखी. पानावर पहिल्याच ओळीत लिही की मूळ काम कोणाचं, आणि त्यानं सांगितलं त्या दिवशी मी हे काढीन. त्यासोबत हेही, की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला मी दुरुस्ती करेनच असं नाही. नाहीतर वर्षभरात 'कधी अपडेट करताय' हा प्रश्न तुझ्या मेलपेटीत असेल.

क्यूआर? नको. नऊ रात्रींची किंमत आहे हे मान्य, पण देणारा माणूस पैसे म्हातारीसाठी देतो, एकतीस ओळखपट्ट्यांसाठी नाही. स्वतःचा मॉड करशील तेव्हा लाव, मी पहिली पाठवीन.

असाच पेच दुसऱ्या गेमवाल्यांचा, किंवा जुन्या फाँटवर, बंद पडलेल्या अॅपवर हात चालवणाऱ्यांचा असेल, तर त्यांनी मॉडच्या जागी आपल्या वस्तूचं नाव घालून वाचावं. माझं उत्तर फारसं बदलणार नाही.

राहता राहिली नाशिकची बहीण. तिला दिलेली प्रत परत मागू नकोस, एवढी कर्मठ मी नाही. फक्त एक बघ : दुरुस्ती करताना मॅनिफेस्टमधली मॉडची मूळ ओळख, ती युनिक आयडी, तू बदललीस का? मॉड सेव्हमध्ये (खेळ जिथवर आला ते जपणाऱ्या फाइलमध्ये) जे काही लिहून ठेवतो ते त्या ओळखीखाली जपलेलं असतं. ती बदलली असेल तर म्हातारी बहिणीला ओळखणार नाही, पहिल्या दिवसापासूनच्या गोष्टी पुन्हा सांगायला लागेल. बदलली असशील तर पूर्ववत कर, आणि त्याआधी तिला फोन करून सेव्हचा अख्खा फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवायला सांग. १.६ मध्ये उघडलेलं शेत मागच्या आवृत्तीत धड परत जात नाही.